टिंब्यावरून अद्भुतकथेकडे : पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने मुलांसाठी कसे लिहावे

पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेल्या, एखाद्या उत्खननावर काम केलेल्या आणि आता मुलांसाठी मराठीत अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या नवोदितांसाठी हा लेख आहे. मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व शिकले, सौराष्ट्र आणि कच्छमधल्या टिंब्यांवर, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीच्या उंचवट्यांवर, काही हंगाम काम केले आणि पुढे मुलांसाठी लिहू लागले. या वाटेवर मला जे उशिरा कळले ते तुम्हांला आधी कळावे, एवढाच माझा हेतू आहे.

पुरातत्त्वाच्या छावणीतून साहित्य उगवणे आपल्या शहराला अपरिचित नाही. बडोदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा हिरानंद शास्त्री यांनी वाहिली, आणि त्यांचे पुत्र सच्चिदानंद वात्स्यायन, म्हणजे हिंदीतले थोर लेखक अज्ञेय, यांचा जन्म १९११ साली कुशीनगर येथील उत्खननाच्या छावणीत झाला होता. मुलांच्या हाती पुस्तक पोहोचावे ही काळजीही इथली जुनीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्यामुळे बडोद्यात बसून मुलांसाठी लिहिणाऱ्याने आपण काही आडवाटेला लागलो आहोत असे मानण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : दुसरी वही

उत्खननाच्या नोंदवहीत काय लिहायचे ते आपल्याला शिकवलेले असते. चराचा आणि थराचा क्रमांक, मातीचा रंग व पोत, खोली, सापडलेल्या वस्तू आणि त्यांची मोजमापे या नोंदींना पर्याय नाही. परंतु त्याच दिवशी संध्याकाळी, छावणीत खापरे धुऊन वाळत घातली की, एक दुसरी वही उघडावी आणि पहिल्या वहीत ज्यांना रकाना नाही अशा गोष्टी तिच्यात लिहाव्यात. ओल्या खापराला पहिल्या पावसाचा वास कसा येतो, चाळणीवर बसलेल्या बाई हाताला खडा लागला की मणी हे न पाहता कसे ओळखतात, दुपारी बारा वाजता चराच्या तळाशी सावली किती उरते, हे सारे त्या वहीत यावे. मातीच्या भांड्याच्या बुडाशी घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा दिसला, तर आपला अंगठा त्याच्याशेजारी धरून पाहावा आणि तो मोठा ठरला की लहान, हेही टिपून ठेवावे.

अशा नोंदींचे मोल सांगायला एकच उदाहरण पुरे. सिंधमधल्या चन्हूदडो येथे एक वीट सापडली, जिच्यावर मांजराच्या आणि त्याच्या मागे धावलेल्या कुत्र्याच्या पायांचे ठसे होते. वीट ओली असताना ते दोघे तिच्यावरून पळाले, ती पुढे भाजली गेली आणि चार हजारांहून अधिक वर्षे तो पाठलाग तसाच राहिला. शास्त्रीय अहवालात ही नोंद दोन ओळींची असते. मुलाला ती सांगून पाहा. त्याचा पहिला प्रश्न असतो, मांजर सुटले का? तुमची कथा त्या प्रश्नापासून सुरू होते.

एक पथ्य मात्र आरंभीच सांगते. दुसऱ्या वहीत स्वतः पाहिलेले आणि स्वतःला जाणवलेलेच लिहावे. ज्या वस्तूंचा अहवाल अद्याप प्रसिद्ध झालेला नाही, त्या उत्खनन संचालकांच्या आणि संस्थेच्या विश्वासावर आपल्या डोळ्यांसमोर आलेल्या असतात. त्या कथेत ओळखू येतील अशा आणणे हा विश्वासघात आहे. प्रसिद्ध झालेले साहित्य इतके विपुल आहे की त्याची गरजही पडत नाही.

दुसरी पायरी : एक वस्तू, आणि तिची जागा

नवोदित पुरातत्त्वज्ञ कथा लिहायला बसतो तेव्हा त्याला सगळेच सांगायचे असते. माझ्या पहिल्या हस्तलिखितात नगररचना होती, सांडपाण्याची व्यवस्था होती, वजनमापे होती, आणि त्या सर्वांतून एक मुलगा माहितीफलकांसमोर थांबावा तसा थांबत चालला होता. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने तिसऱ्या पानावर कागद खाली ठेवले आणि विचारले, "आत्या, या गोष्टीत कुणाचं काय हरवलंय?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते हस्तलिखित मी बाजूला ठेवले आणि पुन्हा एका वस्तूपासून सुरुवात केली.

म्हणून एकच वस्तू निवडावी. ती निवडताना, आपल्या विद्येने आपल्याला जे सर्वांत खोलवर शिकवले त्याचा आधार घ्यावा : वस्तू ज्या थरात, ज्या जागी आणि ज्या शेजाऱ्यांसह सापडते, त्यांच्यापासून तोडली की ती मुकी होते. बाजारात विकत मिळालेला मणी सुंदर असतो, पण तो काही सांगत नाही. तोच मणी भट्टीच्या राखेशेजारी, अर्धवट भोक पाडलेल्या दहा मण्यांबरोबर सापडला तर तो एका कारागिराचा संपूर्ण दिवस सांगतो. कथेतल्या जादूचेही असेच आहे. कुठूनही आलेली, काहीही करू शकणारी जादू मुलांना दोन प्रकरणांत कंटाळवाणी होते. वस्तूच्या जागेतून, ती ज्या द्रव्याची बनली आहे त्यातून आणि ती बनवण्याच्या रीतीतून जादूचे नियम निघाले, तर मुले ते नियम पाठ करतात आणि तुमची चूकही काढतात.

कच्छच्या आखाताजवळ बगसरा, म्हणजेच गोला धोरो, हे हडप्पाकालीन स्थळ आहे. आमच्या विद्यापीठाने १९९६ पासून काही वर्षे तिथे उत्खनन केले. तिथे सापडलेल्या एका मुद्रेवर एकशिंगी प्राणी कोरलेला आहे. हडप्पाकालीन मुद्रांवर हा प्राणी सर्वांत अधिक आढळतो. परंतु या मुद्रेच्या आत पोकळ कप्पा आहे, आणि तिचे वेगळेपण त्यातच आहे. त्या कप्प्यात काय ठेवत असतील? विज्ञान इथे आदराने थांबते आणि कथाकाराला पुढे होण्याची मुभा देते. मात्र पुढे होताना तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. वस्तू कशाची आहे? तिला शेवटचा हात कोणाचा लागला? ती इथे का राहिली? कप्पा लहान असेल, तर त्यात मावणारी जादूही लहानच हवी, उदाहरणार्थ एक शब्द, एक बी किंवा एखाद्याचे नाव. मुद्रेने मातीवर ठसा उमटवताना आकृती उलटी होते, हा दुसरा नियम आपोआप मिळाला. कप्प्यात ठेवलेले नाव बाहेर येताना उलटे होत असेल, तर नायिकेपुढची अडचण तयार झाली आणि ती मी शोधलेली नाही, ती मुद्रेतच होती.

दुसरे उदाहरण अकीकाचे देते, कारण बडोद्याच्या लेखकाला ते प्रत्यक्ष पाहता येते. राजपिपळ्याकडच्या रतनपूर भागातून अकीकाचे दगड येतात आणि खंभातमध्ये त्यांचे मणी बनतात. लोहाचा अंश असलेला पिवळसर-तपकिरी दगड तापवला की लाल होतो, परंतु तो आधी उन्हात पुरेसा वाळवावा लागतो आणि मग मातीच्या भांड्यांत मंद आचेवर भाजावा लागतो. घाई केली तर तो तडकतो. घडवताना कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके घाव घालतात. हडप्पाकाळात लांब मण्याला आरपार भोक पाडण्यासाठी विशेष कठीण दगडाची बारीक सामते वापरीत आणि एका मण्याला कित्येक दिवस लागत. या सगळ्याकडे जादूचे नियम म्हणून पाहा. शक्ती आधीपासून दगडात आहे, पण ती आचेशिवाय दिसत नाही. आच उतावळी झाली तर दगड आणि शक्ती दोन्ही जातात. आणि मण्यातून पलीकडे पाहायचे असेल तर कोणीतरी अनेक दिवस एका जागी बसलेले असावे लागते. मंत्राच्या एका उच्चाराने सर्व काही घडवून आणणाऱ्या कथांपेक्षा ही शिस्त मुलांना अधिक खरी वाटते असा माझा अनुभव आहे. कारखान्यात जाताना मात्र कारागिरांची परवानगी घ्यावी, त्यांच्या वेळेचे मोल द्यावे आणि दगडाच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांना होणारा त्रास कथेच्या सोयीसाठी नजरेआड करू नये.

स्थळ निवडताना, जिथे वारंवार पायी जाता येईल असे निवडावे. आमच्या अकोट्याचेच पाहा. आज तिथे वसाहती आणि स्टेडियम आहे, पण ते प्राचीन अंकोट्टक होय. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ज्या वडपद्रक गावाचा उल्लेख येतो ते तेव्हा अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक होते. पुढे ते लहान गाव बडोदे झाले आणि मोठे नगर त्याचे उपनगर झाले. अकोट्याला १९५१ मध्ये सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती कमाटी बागेतल्या संग्रहालयात आहेत, आणि मधून वाहणाऱ्या विश्वामित्रीत आजही मगरी आहेत. एखाद्या मुलीला शाळेत जाताना रोज विश्वामित्रीवरचा पूल ओलांडावा लागत असेल, तर तिच्या कथेसाठी परग्रहावर जाण्याची गरज नाही. थोडे दूर जायचे असेल तर चांपानेर आहे. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड जिंकून तिथे राजधानी वसवली आणि १५३५ मध्ये हुमायूनच्या स्वारीनंतर तिचे वैभव ओसरले. अवघ्या अर्धशतकात उभे राहून जंगलात हरवलेले शहर एका माणसाच्या आठवणीत मावते. आजीने गजबजलेले पाहिलेले शहर नात ओसाड पाहते, एवढ्या कल्पनेवर अख्खे पुस्तक उभे राहू शकेल.

तिसरी पायरी : तीन शाया

कच्चा खर्डा झाल्यावर तो तीन रंगांनी अधोरेखित करावा. जे पुराव्याने सिद्ध आहे ते निळ्याने, जे अभ्यासकांचे अनुमान आहे ते हिरव्याने आणि जे तुमचे आहे ते लाल शाईने. लाल रंग भरपूर असण्यात काहीही गैर नाही, आपण अद्भुतकथा लिहीत आहोत. धोका असतो तो लाल मजकूर निळ्याच्या वेषात येण्याचा. धोळावीरा येथे उत्तरेकडच्या द्वाराजवळ दहा मोठ्या चिन्हांचा एक लेख सापडला. लाकडी फळीवर पांढऱ्या खनिजाचे तुकडे जडवून ती चिन्हे केलेली होती. लाकूड कुजून गेले आणि चिन्हे मातीत राहिली. ही लिपी अजून उलगडलेली नाही. कथेत तुमची नायिका ती वाचू शकते, परंतु तिने वाचलेला मजकूर खरा आहे असे मुलाला वाटू देऊ नये. मी स्वतः नायिकेला ती चिन्हे वाचू दिली नाहीत. वारा सुटला की ती तिला ऐकू येतात, आणि दर वेळी वेगळी. माझ्या मते अज्ञाताचा मान राखूनही कथा पुढे जाऊ शकते.

हिरव्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मतभेद हीच कथाकाराची सुपीक जमीन असते. लोथलचा २०० मीटरांहून लांब विटांचा हौद उत्खनक एस. आर. राव यांनी गोदी मानला, तर काही अभ्यासकांनी तो गोड्या पाण्याचा साठा मानला. दोन भावंडांनी या दोन बाजू घेतल्या तर कथेला वाद मिळतो आणि मुलाला हेही कळते की मोठी माणसे पुरावा समोर ठेवून भांडतात.

ज्या वस्तूंशी आजच्या माणसांची श्रद्धा जोडलेली आहे त्यांना जादूच्या सामानात टाकू नये. शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा बौद्ध स्तूप आमच्या विद्यापीठाने १९६० नंतर उत्खनित केला, आज ती जागा धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तिथल्या अवशेषपात्राला बौद्ध उपासक वंदन करतात. पाण्याखाली गेलेल्या विहाराची कल्पना लेखकाला मोहात पाडते, मलाही पाडते. मी पाणी घेतले, पात्र घेतले नाही. रतनपूरचे सूफी संत बावा गोर यांच्या दर्ग्याविषयीही हेच म्हणेन.

चौथी पायरी : खजिन्याचा मोह

मुलांच्या साहसकथेत खजिना लागतो असा समज आहे, आणि पुरातत्त्वज्ञाने तो मोडायला हवा. टिंब्यावर सोने क्वचित निघते. तिथे निघतात ते टाकाऊ शंखांचे ढीग, फुटकी भांडी, चुलीची राख आणि हाडे. द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे हडप्पाकालीन लोकांनी शंखाच्या बांगड्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या, हे आपल्याला कापून उरलेल्या तुकड्यांवरूनच कळले. तुमच्या नायकाचे सामर्थ्य नीट पाहण्यात, टिपून ठेवण्यात आणि वस्तू जिथे आहे तिथेच राहू देण्यात असावे.

यामागे कायदाही आहे आणि जिवाची काळजीही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची दडलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मुले वाचतात ते करून पाहतात. त्यामुळे कथेतल्या मुलांनी टिकाव घेऊन टिंबा खणू नये, आणि चराच्या कडेवर उभे राहू नये, कारण सैल मातीची भिंत क्षणात ढासळते. पावसाने उघडे पडलेले खापर दिसणे, ते न उचलता त्याचे चित्र काढणे आणि शिक्षकांना बोलावणे यांतही उत्कंठा निर्माण करता येते. विशेषतः रात्री परत पाऊस येणार असेल आणि ते खापर वाहून जाणार असेल, तर नक्कीच.

पाचवी पायरी : भाषा

अहवालातल्या, करणाऱ्याला लपवणाऱ्या वाक्यांची सवय सुटायला वेळ लागतो. "सदर थरातून जळलेल्या धान्याचे अवशेष प्राप्त झाले" हे वाक्य घ्या. तेच कथेत असे येईल : "आजीने राख फुंकली. खाली गव्हाचे सात दाणे होते, काळे पण अख्खे. कोणीतरी भाकरी करायला बसलं होतं आणि उठून गेलं होतं." माहिती तीच आहे. वाक्यात कर्ता आला, हात आले आणि एक न विचारलेला प्रश्न आला.

पारिभाषिक शब्द टाळण्याची गरज नाही, ते कमावून आणावेत. मराठीत जुन्या वस्तीच्या पांढुरक्या जमिनीला "पांढरी" म्हणतात आणि शेताच्या जमिनीला "काळी". एवढ्या दोन शब्दांत स्तररचनेचा पहिला धडा आहे. सौराष्ट्रातला "टिंबो" हा शब्द बडोद्याच्या मराठी मुलाच्या कानाला ओळखीचा असतो, तो तसाच ठेवावा. आपल्याकडची मुले घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुधा इंग्रजी बोलतात. दांडिया बाजारातल्या मुलाच्या तोंडी निव्वळ पुणेरी बोली घातली तर तो स्वतःला त्या पुस्तकात ओळखणार नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांना ही मोकळीक द्यावी.

प्रकरणाच्या लांबीसाठी माझा निकष असा आहे की, नऊ ते बारा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेले प्रकरण मोठ्याने वाचताना पंधरा मिनिटांत संपावे.

सहावी पायरी : ऐकवणे, पाठवणे, छापणे

पुरातत्त्वात खणण्याचा हंगाम साधारणपणे हिवाळ्यात असतो. पावसाळ्यात खापरांची वर्गवारी आणि अहवाललेखन चालते, आणि कथालेखनालाही तेच महिने सोयीचे पडतात. नोकरी सोडून लिहिण्याचा सल्ला मी देणार नाही. मराठी बालसाहित्याच्या मानधनावर घर चालणे कठीण आहे, आणि उत्खननावरचे काम थांबले की दुसरी वहीही थांबते. नोकरीतल्यांनी आपल्या संस्थेचे सेवानियम आधी वाचून घ्यावेत.

खर्डा तयार झाल्यावर तो आठ-दहा मुलांना वाचून दाखवावा, शक्यतो स्वतःच्या नात्यातली नसलेल्या. त्यांना आवडले का असे विचारू नये, ती भिडेने हो म्हणतात. त्यांचे पाय हलू लागले की पानाच्या कडेला खूण करावी. त्या खुणांपाशी बहुतेक वेळा तुम्ही शिकवू लागलेले असता. थेट कादंबरीऐवजी आधी एखादी लघुकथा "किशोर"सारख्या मासिकाकडे किंवा मुलांच्या दिवाळी अंकाकडे पाठवावी. दिवाळी अंकाचे साहित्य उन्हाळ्यापासूनच गोळा होऊ लागते हे लक्षात ठेवावे. पुस्तकाचा करार करताना आवृत्ती, अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, त्यामुळे घाईने केलेली सही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांचे टिपण द्यावे आणि त्यात खरे काय, अनुमान काय आणि रचलेले काय ते मुलांना कळेल अशा भाषेत सांगावे. तीन शायांचा खर्डा इथे पुन्हा उपयोगी पडतो. मुले हे टिपण वाचत नाहीत असे मला एका संपादकांनी सांगितले होते. माझ्याकडे आलेल्या मुलांच्या पत्रांपैकी बहुतेक त्या टिपणाविषयीच आहेत.

चित्रकाराला नुसते हस्तलिखित देऊ नये. भांड्यांचे आकार, विटांचे प्रमाण, मुद्रेचा खरा आकार आणि त्या काळी नसलेल्या गोष्टींची यादी स्वतंत्र कागदावर द्यावी. उदाहरणार्थ, हडप्पाकालीन स्वयंपाकघरात मिरची आणि बटाटा येता कामा नये, आणि शेतात मका डोलता कामा नये. रंग, चेहरे आणि अद्भुत प्राणी यांत मात्र चित्रकाराला पूर्ण मोकळीक द्यावी. शेवटची प्रुफे आली की नकाशा आधी तपासावा. माझ्या पहिल्या पुस्तकात उत्तर दिशेचा बाण मांडणी करताना फिरला होता आणि नदी उलटी वाहू लागली होती. ते पहिल्यांदा एका नऊ वर्षांच्या वाचकाच्या लक्षात आले.